सेवा योजनेचे खरे काम शिबिरानंतर

(राष्ट्रीय सेवा योजनेच्या विशेष शिबिराच्या समारोपप्रसंगी, जानेवारी 2025 मध्ये, कृषिविद्या विभागातील एका सहायक प्राध्यापकांनी दत्तक गावातील शेतकऱ्यांपुढे केलेले भाषण.)



समारोपाच्या दिवशी काय बोलतात हे आता तुम्हाला पाठ झाले असेल. सात दिवसांत काय काय केले याची यादी वाचायची, गावाने प्रेमाने जेवू घातले म्हणून आभार मानायचे, शाल आणि नारळ घ्यायचे आणि संध्याकाळी सामान गाडीत टाकून निघायचे. जानेवारी 2023 मध्ये याच जागी उभे राहून मी तेच केले होते. टाळ्याही मिळाल्या होत्या. आज मी यादी वाचणार नाही. आमच्या पोरांनी आणि मी या गावात दोन वर्षांत काय शिकलो, कुठे चुकलो, आणि त्यातून तुमच्या शेताला काही मिळाले की नाही, याचा हिशेब देण्यासाठी उभा आहे. हिशेब चुकला तर लिंबाखालच्या मंडळींनी मध्येच थांबवावे. ते तसे थांबवतातच.

प्रथम राष्ट्रीय सेवा योजनेविषयी थोडेसे, कारण बरेच जण आम्हाला 'कॉलेजची पोरं' एवढेच ओळखतात. महात्मा गांधींच्या जन्मशताब्दी वर्षात, 24 सप्टेंबर 1969 रोजी, देशातील 37 विद्यापीठांत ही योजना सुरू झाली. त्या वेळी तिच्यात सुमारे 40 हजार विद्यार्थी होते. स्वयंसेवकाने वर्षाला 120 तास याप्रमाणे दोन वर्षांत 240 तास समाजाचे काम करावयाचे आणि एका विशेष शिबिरात सात दिवस गावात राहावयाचे, असा नियम आहे. शिक्षण वर्गात मिळते, पण ज्यांच्यासाठी शिकायचे त्या माणसांत जाऊन काम केल्याशिवाय ते अंगात मुरत नाही, असा त्यामागचा विचार आहे. विचार चांगला आहे. अडचण अशी आहे की 240 तास मोजणारी वही माझ्याकडे असते. गावाला किती मिळाले हे मोजणारी वही कोणाकडेच नसते.

आता पहिल्या शिबिराची गोष्ट. त्या वर्षी आम्ही रस्ते झाडले, शाळेच्या भिंतीवर घोषवाक्ये रंगवली, प्रभातफेरी काढली आणि रात्री पथनाट्य केले. गाडगेबाबांनी खराटा हातात घेतला की गावाला लाज वाटायची आणि गाव झाडायला लागायचे, असे आपण ऐकत आलो. आमची पोरे झाडू लागली तेव्हा काही मंडळी ओट्यावर बसून 'तिकडं कोपऱ्यात राहिलं बघा' असे सांगत होती. ते असो. आम्ही झाडेही लावली. जानेवारीत! मी कृषिविद्या शिकवतो, आणि जानेवारीत कोरड्या माळावर रोपे लावून, त्यांना उन्हाळाभर पाणी कोण घालणार हे न विचारता निघून गेलो. मे महिन्यात तिथे नुसते खड्डे होते. एका आजोबांनी मला ते खड्डे दाखवले आणि म्हणाले, 'सर, खड्डे मात्र चांगले खांदलेत.' तो टोमणा मी अजून विसरलेलो नाही.

पण झाडांपेक्षा मोठी चूक मातीच्या नमुन्यांची झाली, आणि ती मला सविस्तर सांगावयाची आहे. शिबिरात विद्यार्थ्यांनी शेतोशेती फिरून मातीचे नमुने घेतले. नमुना घेण्याची पद्धत त्यांनी नीट पाळली होती. नागमोडी वळणाने शेतात फिरून ठिकठिकाणी इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखा 20 ते 25 सेंटिमीटर खोल खड्डा घ्यायचा, त्याच्या कडेची माती खुरप्याने वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीची खरडायची, सगळी माती एकत्र करून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, आणि असे करत अर्धा किलो माती उरली की पिशवीत भरायची. बांधाजवळची, झाडाखालची, उकिरड्याची जागा टाळायची. एवढे सर्व झाले. पुढचे काम माझे होते आणि तिथे घोटाळा झाला. पिशव्या कॉलेजात आल्या, परीक्षा सुरू झाल्या, मी प्रश्नपत्रिका, तपासणी यात अडकलो आणि पिशव्या एका खोलीत पडून राहिल्या. काही चिठ्ठ्यांवरची शाई ओलाव्याने पसरली आणि नावे वाचता येईनात. नमुने प्रयोगशाळेत उशिरा गेले, म्हणून अहवालही उशिरा आले.

2023 चा पावसाळा आपणा सर्वांना आठवत असेल. मृग कोरडा गेला, पेरण्या लांबल्या, जुलै उजाडला. पावसाने उशीर केला होता आणि आम्ही त्याहून जास्त उशीर केला. जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यात अहवाल हाती आले तेव्हा सोयाबीन जमिनीवर आले होते. मला वाटले, आता जाण्यात अर्थ नाही, ग्रामपंचायतीच्या पत्त्यावर पाठवून द्यावेत. खरे सांगायचे तर तोंड दाखवण्याची लाज वाटत होती. दुसऱ्या वर्षातील एक विद्यार्थिनी म्हणाली, 'सर, ज्यांच्या शेतातली माती मी उचलली त्यांना कागद मीच देणार. पोस्टाने नाही.' तिच्याबरोबर आठ-दहा जण तयार झाले, मग मलाही यावे लागले. एस.टी. ने आलो.

एका शेतकऱ्याने अहवाल हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, 'कागद चांगलाय सर. पण पेरून पंधरा दिस झाले.' त्यांचे म्हणणे शास्त्राला धरून होते, हे माझ्या विद्यार्थ्यांना त्या क्षणी जसे समजले तसे माझ्या तासाला कधी समजले नसेल. स्फुरद जमिनीत फार हालत नाही. ते पेरणीच्या वेळीच बियाच्या खाली, मुळांच्या वाटेत पडले पाहिजे. नंतर वरून फेकलेले स्फुरद बहुतांशी वरच राहते, आणि आपल्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत तर ते लवकर बांधले जाते. म्हणजे स्फुरद कमी आहे असे सांगणारा अहवाल पेरणीनंतर आला तर त्या हंगामापुरता त्याचा उपयोग जवळजवळ संपला. वर्गात हे मी फळ्यावर लिहितो आणि मुले वहीत उतरवून घेतात.

त्याच दिवशी पुढच्या वस्तीवर एक शेत पाहिले. तीन एकर सोयाबीन, घरचे बियाणे, आणि उगवण इतकी विरळ की तासाच्या तास मोकळे. मालक दुबार पेरणीच्या विचारात होते. पुन्हा बियाणे, पुन्हा ट्रॅक्टरचे भाडे, आणि मोसम आधीच हातचा गेलेला. ते कोणावर रागावले नव्हते. त्यांनी फक्त एक प्रश्न विचारला. 'तुम्ही जानेवारीत आलात तेव्हा हीच पोती याच घरात थप्पी लावून होती. तुम्ही माती नेली. बी का नाही बघितलं?'

यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. आम्ही शिबिराचा कार्यक्रम कॉलेजात बसून ठरवला होता. गावाला काय विचारायचे आहे हे आम्ही विचारले नव्हते. परतीच्या गाडीत कोणी फारसे बोलले नाही.

मंडळी, शेतीच्या मास्तराने गावात जाण्याची ही कल्पना काही आमची नवी नाही. आमच्या कॉलेजात वीणा गवाणकर यांचे 'एक होता कार्व्हर' वाचले नाही असा विद्यार्थी सापडणे कठीण. तुमच्यापैकीही अनेकांनी वाचले असेल. गुलामीत जन्मलेला हा माणूस 1896 मध्ये अमेरिकेच्या अलाबामा राज्यात टस्कीगीच्या संस्थेत शेतीचा शिक्षक म्हणून गेला. आजूबाजूचे शेतकरी पिढ्यान्पिढ्या कापूस लावून जमीन निःसत्त्व करून बसले होते, कर्जात होते, आणि संस्थेपर्यंत येण्याइतका वेळ व पैसा त्यांच्याजवळ नव्हता. तेव्हा 1906 मध्ये संस्थेने एक गाडी तयार केली. तिच्यात अवजारे, बियाणे, दूध-लोण्याचे साहित्य भरले, खेचरे जुंपली आणि शाळाच गावोगाव फिरू लागली. कार्व्हरने शेतकऱ्यांसाठी साध्या भाषेत पत्रिका लिहिल्या. त्यातली 1898 ची पहिली पत्रिका कशावर होती? ओकच्या झाडाखाली फुकट पडणारी फळे जनावरांना खाऊ घालण्यावर. ज्याच्याजवळ पेंड घ्यायला पैसा नाही त्याने काय करावे, इथून त्याने सुरुवात केली. भुईमुगाची ती प्रसिद्ध पत्रिका पुढे 1916 ची.

त्याहून आपल्या जवळचा माणूस म्हणजे डॉ. पांडुरंग खानखोजे. हे वर्ध्याचे. जन्म 1884 चा. स्वातंत्र्याच्या ध्यासाने देश सोडून गेले, अमेरिकेत गदर चळवळीत होते, तिथेच शेतीशास्त्र शिकले आणि फिरत फिरत 1924 च्या सुमारास मेक्सिकोला पोहोचले. चापिंगो येथील राष्ट्रीय कृषी विद्यालयात ते प्राध्यापक झाले. मक्यावर त्यांनी मोठे संशोधन केले. पण मला त्यांचे दुसरे काम जास्त मोलाचे वाटते. विद्यालयातली नोकरी सांभाळून त्यांनी गरीब शेतकऱ्यांसाठी गावांमध्ये मोफत शेती शाळा उभ्या केल्या. ज्याला कॉलेजात प्रवेश मिळणार नाही, त्याच्या गावातच शाळा न्यायची. चित्रकार दिएगो रिव्हेरा यांनी मेक्सिकोच्या शिक्षण मंत्रालयातील भित्तिचित्रात त्यांना सर्वांना भाकर वाटताना दाखवले आहे. ते नागपूरला परतले आणि 1967 मध्ये तिथेच वारले. चापिंगोला 2022 मध्ये त्यांचा पुतळा बसला. आपल्याकडे कृषी पदवीच्या मुलांना त्यांचे नाव विचारा. दहातले आठ गप्प बसतील. ही आमची, शिकवणाऱ्यांची उणीव आहे.

ही दोन्ही माणसे फार मोठी. त्यांच्याकडून आम्ही एक लहानशी गोष्ट उचलली, ती म्हणजे कॉलेजचे वेळापत्रक बाजूला ठेवून शेताचे वेळापत्रक धरायचे. 2024 च्या दुसऱ्या शिबिरात आम्ही घोषवाक्ये रंगवली नाहीत. पहिले दोन दिवस पोरे वही घेऊन घरोघरी बसली आणि 'पेरणीच्या आधी तुम्हाला काय माहीत पाहिजे' एवढेच विचारले. उत्तरे बहुतेक ठिकाणी सारखी आली. घरचे सोयाबीन उगवेल का? खत किती टाकू? यात दुसऱ्या प्रश्नासाठी माती हवी होती, पहिल्यासाठी फक्त एक गोणपाट आणि सात दिवस. माती आम्ही एप्रिलमध्ये, रब्बीची काढणी झाल्यावर पुन्हा घेतली. या वेळी चिठ्ठी पेन्सिलीने लिहिली, प्लॅस्टिकच्या लहान पिशवीत घालून नमुन्यात ठेवली, आणि दुसरी बाहेर बांधली. नमुने तिसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत पोहोचवले. अहवाल मे महिन्याच्या शेवटी मारुतीच्या मंदिरात बसून एकेक वाचून दाखवले. नुसता कागद वाटला असता तर तो पुन्हा खुंटीला लागला असता.

बियाणे तपासायला पोरे मे महिन्यात आली तेव्हा त्यांची सुट्टी होती. हे तास वहीत धरले जाणार नाहीत असे मी आधीच सांगितले होते. तरी बरेच जण आले. एकाला घरून फोन आला, 'सुट्टीत स्वतःच्या शेतातली पळाटी वेचायला ये म्हटलं तर येत नाहीस, आणि दुसऱ्याच्या गावात बी मोजतोस?' त्याच्या वडिलांचे म्हणणे मला पटले. म्हणून त्याला दोन दिवसांनी घरी पाठवले आणि 'तिथलेच बियाणे तपासून ये' असे सांगितले. त्याने आपल्या वस्तीवरची सहा घरे केली.

तपासणीची पद्धत आता तुमच्यापैकी बऱ्याच जणांना येते, तरी ज्या घरी आम्ही पोहोचलो नाही त्यांच्यासाठी पुन्हा सांगतो. गोणपाट स्वच्छ धुऊन, भिजवून, पिळून पसरावे. त्यावर दहा-दहा बियांच्या दहा ओळी, दोन बियांत साधारण दीड-दोन सेंटिमीटर अंतर ठेवून, मांडाव्यात. वर दुसरा ओला तुकडा ठेवून गुंडाळी करावी आणि सावलीत ठेवून ओल टिकेल इतके पाणी शिंपडत राहावे. अशा तीन गुंडाळ्या कराव्यात. सहा-सात दिवसांनी उघडून चांगले, सशक्त कोंब आलेल्या बिया मोजाव्यात. तिन्हींची सरासरी म्हणजे शेकडा उगवण. 70 किंवा जास्त आली तर एकरी 30 किलो बियाणे पुरते. कमी आली तर त्या प्रमाणात बियाणे वाढवायचे. 30 गुणिले 70 भागिले आलेली उगवण, असा हिशेब आहे. 65 आली तर सुमारे 32 किलो, 60 आली तर 35 किलो. 60 च्या खाली गेले तर ते बियाणे पेरण्याच्या भानगडीत पडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. अशा बियाण्याचे कोंबही अशक्त निघतात आणि जास्त पेरून ती उणीव भरून निघत नाही.

आता आम्ही काय शिकलो ते ऐका. मुलांनी पोत्याच्या तोंडाशी हात घालून शंभर दाणे काढले. तिथे बसलेल्या आजी म्हणाल्या, 'वरचं कशाला घेता, थप्पीच्या खालच्या पोत्यातलं घ्या की.' अगदी बरोबर. सोयाबीनच्या बियाचे टरफल फार पातळ असते आणि अंकुर टरफलाच्या लगत असतो. थप्पी उंच लावली की खालच्या पोत्यातील बी दबून मरते. म्हणून पाच-सातपेक्षा जास्त पोती एकावर एक रचू नयेत, आणि नमुना वरच्या, मधल्या, खालच्या अशा सर्व पोत्यांतून घ्यावा. 'प्रातिनिधिक नमुना' हा शब्द मी परीक्षेत दोन गुणांना विचारतो. आजींनी तो एका वाक्यात शिकवला.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. सर्वात चांगली उगवण कोणाकडे आली? ज्यांचा माल सर्वात टपोरा, भाव चांगला मिळालेला, त्यांच्याकडे नाही. एका मावशींनी बियाण्यापुरते सोयाबीन मशीनमध्ये न घालता अंगणात काठीने बडवून काढले होते. मशीनवाल्याने अर्ध्या पोत्यासाठी यायला नकार दिला होता, एवढेच त्याचे कारण. बडवलेल्या बियाला मार कमी बसला, टरफल शाबूत राहिले, आणि गुंडाळी उघडली तेव्हा जवळजवळ सगळेच कोंब उभे होते. शेजारच्या घरात त्याच वाणाचे, त्याच रानातले, पण मशीनवर भरधाव काढलेले बियाणे निम्म्याच्या आसपास उगवले. मुलांनी दोन्ही गुंडाळ्या शेजारी ठेवून सगळ्या गल्लीला दाखवल्या. बियाण्यासाठी मळणी करताना दाण्यात 13 ते 14 टक्के ओलावा असावा आणि मळणी यंत्राचे फेरे मिनिटाला 400 च्या आसपास ठेवावेत, हे पुस्तकातले वाक्य त्या दिवशी गल्लीत उभे राहून समजले. गेल्या हंगामात निदान बियाण्यापुरता तरी ड्रम हळू फिरवून घ्या असे मशीनवाल्यांना सांगणारी माणसे या गावात निघाली. मशीनवाले कुरकुरले. वेळ जास्त लागतो, डिझेल जास्त जाते, त्यांचीही बाजू आहे. थोडे जास्त पैसे देऊन बियाण्याचे दोन क्विंटल वेगळे काढून घ्यावेत.

बीजप्रक्रियेच्या वेळी मात्र आमचीच फजिती झाली. जूनमध्ये प्रात्यक्षिक होते. घाईत एका विद्यार्थ्याने आधी रायझोबियम लावले आणि मग बुरशीनाशकाची पुडी फोडू लागला. क्रम उलटा. आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, बी सावलीत सुकल्यावर सर्वात शेवटी पेरणीच्या अगोदर रायझोबियम आणि स्फुरद विरघळविणारे जिवाणू, प्रत्येकी 10 किलो बियाण्यास 250 ग्रॅम. उलट केले तर जिवाणू औषधाने मरतात. एका तरुण शेतकऱ्याने त्याला थांबवले. गंमत अशी की हा क्रम त्या तरुणाला आमच्याच कृषिकन्यांनी आदल्या वर्षी सांगितला होता. आणखी एक, बियाणे खसाखसा चोळू नका, टरफल निघते. हळुवार हाताने, हातमोजे घालून लावा.

हे सगळे ऐकून असे वाटेल की गाव सुधारले, पोरे घडली. तसे काही झालेले नाही. तपासणी करूनही दोघांनी कमी उगवणीचे बियाणे पेरले, कारण नवीन घ्यायला पैसे नव्हते. त्यांना आम्ही बियाणे वाढवायला सांगितले, यापलीकडे काही करू शकलो नाही. शिबिरात पन्नास मुले असतात, मे महिन्याच्या उन्हात येणारी पंधरा-वीसच. काही जण प्रमाणपत्रापुरते येतात, फोटो काढतात आणि जातात. त्यांना मी दोष देत नाही, कारण पहिल्या वर्षी मीही तेच केले. माझे सहकारी विचारतात, 'या फिरण्याने तुला पदोन्नतीत काय मिळणार?' घरी विचारतात, 'तुमचं गाव नक्की कोणतं?' दोन्ही प्रश्न योग्य आहेत. पण 2023 च्या जुलैमध्ये वस्तीवर जो प्रश्न विचारला गेला, त्याला निदान पुढच्या वर्षी तरी उत्तर देता आले, याचे समाधान मला वर्षभर शिकवून मिळत नाही.

गावाकडूनही मला दोन-तीन गोष्टी हव्या आहेत, आणि त्या मी मागणार आहे. शिबिर कोणत्याही कॉलेजचे येवो, त्यांच्या हातात पहिल्याच दिवशी झाडू देऊ नका. तुमचा प्रश्न द्या. जानेवारीत आले तर बियाणे दाखवा, साठवण दाखवा. जूनमध्ये कृषिदूत आले तर त्यांना पेरणीच्या रानात न्या, मंदिरात भाषण करू देऊ नका. मातीचा नमुना कोणी नेला तर ग्रामपंचायतीच्या वहीत नाव, गट नंबर, तारीख आणि मास्तराचा फोन नंबर लिहून ठेवा, आणि मे महिना संपेपर्यंत अहवाल आला नाही तर फोन करा. रागावून करा. आम्हाला त्याची गरज असते. मुलगी असो की मुलगा, चुकत असेल तर शेतातच सांगा. तुम्ही पाहुणे म्हणून सांभाळून घेता, चहा पाजता आणि आमची चूक पोटात घालता. ती चूक मग पुढच्या गावात जाते.

आणि एक विनंती खास बायाबापड्यांना. बियाणे निवडणे, वाळवणे, साठवणे हे काम घरात तुम्हीच करता. सभेला मात्र पुरुष मंडळी येतात. मागच्या मे महिन्यात आमच्या मुलींनी जी माहिती आणली ती बहुतेक चुलीजवळ बसून आणली. तेव्हा पुढची बैठक संध्याकाळी स्वयंपाकाच्या वेळी ठेवणार नाही. मागच्या खेपेला ती चूक आमची झाली.

जाता जाता कामाचे सांगतो. गेल्या खरिपातील बियाण्यासाठी वेगळे ठेवलेले सोयाबीन असेल तर ते आजच पाहून घ्या. जमिनीला लागून असेल तर खाली लाकडी फळ्या घाला, भिंतीपासून दूर सरकवा, थप्पी उंच असेल तर उतरवा, आणि पोती वरून आपटू नका. युरियाच्या गोणीत भरले असेल तर ज्यूटच्या पोत्यात भरा, हवा खेळती राहील. आमची मुले मे महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी आठ वाजता मारुतीच्या मंदिरात बसतील. येताना प्रत्येक थप्पीतील खालच्या, मधल्या आणि वरच्या पोत्यातून मूठ-मूठ काढून, एकत्र करून, अर्धा किलो बियाणे फडक्यात बांधून आणा. चिठ्ठीवर नाव पेन्सिलीने लिहा. एक जुने गोणपाटही आणा, आमच्याकडची मागच्या वर्षी कमी पडली होती.